इसार कुणाच्या घराचा

(रुसे शहर, सप्टेंबरची दुपार. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आई डोन्का आणि लेक रालित्सा हिवाळ्याच्या चटणीसाठी भाजलेल्या लाल मिरच्या सोलत बसल्या आहेत. आत रालित्साचे वडील ओग्न्यान टीव्ही बघताहेत.)

रालित्सा : परत बोल. काय म्हणालीस ते परत बोल.

डोन्का : बँकेत येते म्हटलं. पैसे काढते म्हटलं. पण ते तुमच्या फ्लॅटच्या इसारासाठी नाहीत. माझ्यासोबत कारखान्यात होती ना पेन्का, तिची खोली घेतेय. माझ्यासाठी.

रालित्सा : सगळे पैसे?

डोन्का : सगळे. ती वार्नाला मुलीकडे चाललीय. उरलेले हप्त्यानं घेईन म्हणते.

रालित्सा : आई, आज शुक्रवार आहे! पाचपर्यंत इसार गेला नाही तर तो माणूस फ्लॅट दुसऱ्याला देणार. आणि तू हे आत्ता सांगतेस? मिरच्या सोलता सोलता? ईस्टरला तूच म्हणाली होतीस...

डोन्का : 'बघू' म्हणाले होते. तू 'देते' ऐकलंस.

रालित्सा : शब्दांत पकडू नकोस मला! कालोयाननं, तुझ्या त्या लाडक्या जावयानं, घरमालकाला सोडतो म्हणून कळवूनसुद्धा टाकलं. डिसेंबरात बाळ येणार. कुठे ठेवू त्याला?

डोन्का : बाकीच्यांची बाळं वाढतात तिथे. भाड्याच्या घरात.

रालित्सा : वा! पोटुशी मी, आणि डोहाळे एकसष्टाव्या वर्षी तुला!

डोन्का : पस्तीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवल्यात, राली. त्या पैशांत तुझ्या बापाचा छदामही नाही.

रालित्सा : पण आताच का? बाबांनी असं नवीन काय केलं?

डोन्का : नवीन काहीच नाही. रविवारी माझी बहीण आली, तिला जेवायला थांबवलं. तिच्या तोंडावर म्हणाला, 'माझ्या घरात कोण जेवणार ते मी ठरवणार. पटत नसेल तर दोघी चालत्या व्हा.' ती बिचारी अर्ध्या सूपवरून उठली.

रालित्सा : ते तर रोजच म्हणतात!

डोन्का : हो. रोजच म्हणतो.

रालित्सा : आणि मी सोळा वर्षांची असताना? बॅग भरून दारात उभी होते. 'आई, चल, जाऊ या' म्हणत होते. तू काय केलंस? बॅग उघडलीस आणि माझे कपडे घड्या घालून परत कपाटात ठेवलेस! तेव्हा कुठे गेली होती ही हिंमत?

डोन्का : हिंमत होती. जायला जागा नव्हती.

रालित्सा : मला तेव्हा हवी होतीस गं तू अशी! आता नाही. आता मला पैसे हवेत, तर आता तुला जाग आली!

डोन्का : ओरड. चुकलंच माझं.

रालित्सा : मग आमच्याकडे ये ना. पैसे आम्हाला दे आणि कायमची राहायला ये. कालोयान तुला एका शब्दानं बोलणार नाही.

डोन्का : नाही बोलणार. पण बोलू शकेल. घर त्याचं असेल.

ओग्न्यान : काय चाललंय गं हे? सगळी इमारत ऐकतेय.

रालित्सा : बाबा, आम्ही बोलतोय. तुम्ही आत बसा.

ओग्न्यान : माझ्या घरात मलाच आत बसवणार? भांडायचं तर खाली रस्त्यावर जा दोघी. आणि हे मिरच्यांचं धुराडं उचला आधी. टीव्हीपर्यंत वास येतोय.

रालित्सा : सहावा महिना आहे मला. रस्त्यावर जाऊ?

ओग्न्यान : बोलायची पद्धत असते ती. दार लावून घ्या.

डोन्का : गेला. रडतेस होय?

रालित्सा : हात मिरचीनं बरबटलेत. डोळेसुद्धा पुसता येत नाहीत मेले.

डोन्का : थांब, मी पुसते.

रालित्सा : हात लावू नकोस मला. कोट घाल. बँक चारला बंद होते.

डोन्का : इसार कुणाचा?

रालित्सा : तुझा. पण मी माफ केलं असं समजू नकोस.

डोन्का : नाही समजत.

रालित्सा : आणि कालोयानला तू सांगायचंस. फोनवर नाही, समोर बसून.

डोन्का : सांगते.

रालित्सा : कितवा मजला?

डोन्का : पाचवा. लिफ्ट नाही.

रालित्सा : आणि तुझे गुडघे?

डोन्का : चढतील. नाहीतर मध्येच बसेन जिन्यात.

रालित्सा : किल्ल्या किती देणार आहे पेन्कामावशी?

डोन्का : दोन.

रालित्सा : दुसरी कुणाकडे ठेवणार?

डोन्का : कुणाकडेच नाही, राली. निदान पहिलं वर्षभर तरी.