एकोणीस सेकंदांचं पान

…नाही, तुम्हीच सांगा, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या वेबसाइटचं पान उघडायला एकोणीस सेकंद लागावेत? आणि ते मोजावेत कुणी? खुद्द त्या माणसानं! म्हणजे माझ्या सासऱ्यांनी! हातात स्टॉपवॉच घेऊन! आणि मोजून झालं की माझ्याकडे असं बघायचे, असं बघायचे, की हातातला घास हातातच राहायचा. कारण साइट मी बांधलेली ना! लग्नाआधी, यांना खूश करायला!

सासरे बोलतात सावकाश. "जावईबापू… एवढ्या वेळात… मी घड्याळाचा सेल बदलून देतो. गिऱ्हाईक थांबेल कशाला? शनिवारी पुन्हा मोजणार. पाच सेकंदांच्या आत उघडलं तर ठीक… नाहीतर बंद करा ते प्रकरण!"

सगळ्या सासुरवाडीसमोर हो! बायकोसुद्धा वरण वाढता वाढता थांबली.

बसलो, साइट आतून उघडली, बघतो तर काय… तेवीस स्क्रिप्ट! स्क्रिप्ट म्हणजे, तुम्हाला सांगतो, पानाला चिकटवलेली कामाची चिठ्ठी. पान उघडायचं म्हटलं की आधी ही कामं उरकायची! पहिलीच चिठ्ठी सासूबाईंची. पानावर वरून पाकळ्या पडतात! म्हटलं, आई, घड्याळाच्या दुकानात पाकळ्या? तर म्हणतात कशा, "असू दे रे, खायला का मागतंय?"

अहो, मागतंय! तेच तर मागतंय, सेकंदावर सेकंद!

पुढे मेहुणा. यानं पानावर येणारी माणसं मोजायला तीन स्क्रिप्ट बसवलेल्या. तीन! एक म्हणते चाळीस आले, दुसरी म्हणते साठ, तिसरी म्हणते कुणीच आलं नाही! म्हटलं, दोन काढतो. "असू दे की भावजी, खायला का मागतंय?" मग ती गप्पांची खिडकी, 'बोला, मी आपली काय मदत करू?' म्हणून टुणकन उडी मारणारी. पलीकडे उत्तर द्यायला चार वर्षांत माणूस बसलेला नाही! अख्ख्या चार वर्षांत एकच निरोप आलेला. सासऱ्यांचा. "कोण आहे?"

छाटलं! सगळं छाटलं! एकेक काढायचो, पान तपासायचो, पुढची काढायचो. एकोणीसचे चौदा, चौदाचे अकरा… आणि अकरावर गाडी अडली. शुक्रवार उजाडला! एकच चिठ्ठी राहिलेली, सगळ्यांत जड, ती पुरी होईपर्यंत पान हलायचं नाव घेईना. वर लिहिलेलं, 'हात लावू नये.' आता हा उपद्व्याप कुणाचा, म्हणून दात-ओठ खात उघडली…

माझा! तुमची शपथ, माझा! 'आमच्या लग्नाला उरलेले दिवस!' सात वर्षांपूर्वी कौतुकानं लावलेलं, बावीस फोटोंसकट, पानावरून दिसेनासं झालेलं, पण आत मोजणं चालूच! उणे दोन हजार पाचशे एकसष्ट! आणि खरं सांगतो, बोट बटणावर नेलं आणि तोंडून काय निघालं माहितीये? असू दे, खायला का मागतंय…

बायको मागे उभी. म्हणाली, "अहो, लग्न झालंय आपलं. काढा."

काढलं!

शनिवारी सगळे जमले. सासऱ्यांनी स्टॉपवॉच धरलं, मी बटण दाबलं, आणि… झालं! उघडलंसुद्धा! एक पूर्णांक दोन सेकंद! मेहुण्यानं टाळी दिली, सासूबाई पाकळ्या विसरल्या, बायको अशी हसली की काय सांगू, सात वर्षांत पहिल्यांदा त्या घरात माझी छाती फुगली हो!

सासऱ्यांनी मात्र स्टॉपवॉच कानाला लावलं. हलवलं. पुन्हा मोजलं, एक पूर्णांक दोन. तिसऱ्यांदा, तेच. मग डोळ्याला भिंग चढवलं आणि अगदी हळहळून म्हणाले, "तीस वर्षांत… पहिल्यांदा बिघडलं हे."

आणि उघडलं की हो ते स्टॉपवॉच! आता माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा पराक्रम त्यांच्या टेबलावर सुटा होऊन पडलाय, आणि एक स्क्रू खाली सांडलाय, तो टॉर्च घेऊन शोधतोय कोण… तर जावईबापू!