तळहातावरचं बटण

तुम्ही हसणार, पण आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात काय झालं ते ऐकाच. अनोळखी माणसांसमोर माझी दातखीळ बसते. म्हणून मी तळहाताला चिकटणारा सेन्सर बनवला. त्याला स्पर्श झाला की लॅपटॉप माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलेल्या माहितीचा पुढचा भाग ऐकवणार. मला तोंडही उघडायला नको!

परीक्षक आले. पाहुण्यांना हात जोडायचेच, ही आमच्या बाईंची शिस्त. मी पहिल्या सरांना हात जोडले.

लॅपटॉप म्हणाला, "नमस्कार."

वा! मग दुसऱ्या सरांना जोडले.

"हा सेन्सर त्वचेचं बटण करतो."

मागून तिसऱ्या परीक्षक मॅडम आल्या. त्यांनाही जोडले.

"माझी माहिती संपली. धन्यवाद."

"काहून वं," मॅडम म्हणाल्या, "आम्ही आलो अन् तुझं संपलंही?"

मी घाबरून माफीसाठी पुन्हा हात जोडले. लॅपटॉप परत पहिल्यापासून सुरू!

"हात मागे घे वं आधी!" माझी मैत्रीण प्रज्ञा ओरडली.

हात पाठीमागे धरून, नाइलाजाने, मीच सगळं सांगितलं.

मॅडम खूश झाल्या. "यंत्र भारी आहे. पण तू त्याच्यापेक्षा छान बोलून राहिली. आता जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्याले टेबलावर ठेव, अन् माइकवर तूच बोल."