चाळीस सेकंद

(धारवाड, १९९९. सुधींद्रच्या घराची मागची खोली. मधे कॉलेजातून आणलेला टेपरेकॉर्डर.)

स्मृती : सुपात तांदूळ हळू फिरव रे. पावसाचा आवाज हवाय, गारांचा नको.

सुधींद्र : एवढा बस झाला की. बंद कर.

स्मृती : पाऊस झाला. चॉकलेटचा कागद चुरगाळून जाळ झाला. राहिला आजोबांचा दमा. आपल्या रेडिओ-नाटिकेतला म्हातारा त्यानंच मरतो, आणि जयतीर्थ खोकायला लागला की आपण चौघंही हसतोय.

सुधींद्र : ते झालंय. काल घेतलं मी. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आहे.

स्मृती : बघू, लाव... अय्यो! सुधी, काटा आला अंगावर. हा जयतीर्थ नव्हे.

सुधींद्र : चालेल ना? उद्या सरांना द्यायचंय.

स्मृती : कोण आहे हे?

सुधींद्र : अप्पा.

स्मृती : काकांनी करून दिलं?

सुधींद्र : करून कुठलं. काल दुपारी खरीच धाप लागली. आई अमरगोळला मावशीकडे गेलेली. मी इथं भांड्यांचे आवाज घेत होतो. टेप चालूच होता, त्यात आलं.

स्मृती : आपोआप आलं, होय? थांब, परत लावते. हे बघ, सुरुवातीला आवाज लांब आहे, पलीकडच्या खोलीतला. आणि इथं एकदम जवळ. माइक काय चालत गेला?

सुधींद्र : टेप बंद कर आधी.

स्मृती : सुधी.

सुधींद्र : मी नेला. आधी दारापर्यंत. मग खाटेपाशी.

स्मृती : आणि त्यांचा दम्याचा पंप?

सुधींद्र : फळीवर होता. दिला मी. दिला की!

स्मृती : कधी?

सुधींद्र : चाळीस सेकंदांनी. सकाळपासून घड्याळ लावून ऐकतोय. वेदश्रीनं नाटिकेत लिहिलंय ना, सून दार उघडेपर्यंत धाप ऐकू यायला हवी? म्हटलं, तेवढं होऊ दे, मग देऊ. सारखं वाटत होतं, अजून थोडं. मग त्यांचे ओठ निळे दिसले.

स्मृती : आईंना सांगितलंस?

सुधींद्र : नाही. आल्यावर तिनं विचारलं, काय म्हणतात अप्पा? मी म्हटलं, बरे आहेत.

स्मृती : हे मी नाटिकेत लावणार नाही.

सुधींद्र : नको लावू. पुसून टाक. पण तू पूस. माझा हात होत नाही.

अप्पा : काय पुसताय रे?

स्मृती : काका, तुम्ही कशाला उठलात?

अप्पा : भिंत पातळ आहे, पोरी. सकाळपासून... माझंच खोकणं ऐकतोय मी. मला वाटलं, मलाच लागलंय परत.

सुधींद्र : अप्पा, मी काल—

अप्पा : चांगलं आलंय. बेलूरच्या कारखान्यात अठरा वर्षं धूळ खाल्ली. कुणी ऐकून घेतलं नाही. तुझे सर तरी ऐकतील.

सुधींद्र : तुम्ही मला बघितलंत ना? माइक घेऊन उभा होतो ते?

अप्पा : बघितलं की. म्हटलं, पोराचं काम चाललंय... होऊ दे. मीच थांबलो जरा. पंप काय, हाताशीच होता.

सुधींद्र : हाताशी नव्हता, अप्पा. फळीवर होता.

अप्पा : असेल. इरली बिडो, असू दे. झालं ते झालं.

स्मृती : बसा तुम्ही, काका. ही खुर्ची घ्या. पाणी आणू?

अप्पा : नको. बसतो नुसता.

सुधींद्र : स्मृती, सरक. मीच पुसतो. दोन्ही बटणं एकदम दाबली की कोरं होत जातं ना?

स्मृती : हो. पण मग उद्या म्हाताऱ्याचं काय?

सुधींद्र : जयतीर्थ खोकेल. हसू दे वर्गाला.

अप्पा : अरे, एवढं चांगलं आलेलं—

सुधींद्र : अप्पा, एक खरं सांगा. मी चार पावलांवर होतो. मला हाक का नाही मारलीत?

अप्पा : मारली असती रे बाळा. श्वास कुठं होता?