काविळीचा पाला

धुरपदाबाई: थांब कोकिळा, वरवंटा ठिव. हा पाला म्या तोडलेला न्हाई.

कोकिळा: मंग कुनी तोडला आत्याबाई? आत्ताच तर तुमी रानातनं टोपली घेऊन आलाव.

धुरपदाबाई: ह्या काडीला मूळ हाय, हाताला लागतंय. सासूनं मला काविळीचा पाला दाखवला तवापसून म्या नखानं खुडते. मूळ रानातच ऱ्हाऊ देते, म्हंजी पुन्हा फुटतं. तू टोपलीतला पाला बदललास ना?

कोकिळा: आश्रुबा लेकीला घेऊन भाईर लिंबाखाली बसलाय. लेकराचे डोळे हळदीवानी पिवळे झालेत. आदी वाटू द्या, मंग काय बोलायचं ते बोला.

धुरपदाबाई: आदी सांग.

कोकिळा: तुमी आनलेल्या काडीला चीक व्हता. काविळीच्या पाल्याला चीक नस्तो. ती दुधी व्हती, बांधावरचं तण. म्हून पळत जाऊन दुसरा आनला, घाईत मूळ आलं.

धुरपदाबाई: दुधी. आन् काल सांजच्याला म्या तिलाच हळदकुंकू वाहिलं. हात जोडून म्हनले, उद्या न्यायला येते, लेकराच्या कामाला ये. समदं आवतण दुधीला दिलं म्हन की.

कोकिळा: तिला बी बरं वाटलं आसंल. एरवी तिला कोन बोलावतंय?

धुरपदाबाई: मस्करी नगं. कवापसून चाललंय हे?

कोकिळा: पोळ्यापसून. तुमी कपाळ सोडून बैलाच्या डोळ्यात कुंकू घातलं. समदे हासले. मला भ्या वाटलं.

धुरपदाबाई: म्हंजी किशनरावाची सून बरी झाली ती तुझ्या पाल्यानं. आन् तुला तर आवतण द्यायला म्या शिकवलंच न्हाई. न बोलवता तोडला तर गुन येत न्हाई, आसं म्या साऱ्या गावाला सांगत आले.

कोकिळा: गुन तर आला, आत्याबाई.

धुरपदाबाई: मंग माझ्याजवळ काय ऱ्हायलं?

कोकिळा: म्हूनच बोलले न्हाई. पहाटं टोपली घेऊन निघताव तवा तुमची कंबर दुखत न्हाई, गुडघा दुखत न्हाई. ते कसं मोडू मी?

धुरपदाबाई: आन् यखाद्या दिशी तुझ्या नजरंतनं सुटलं आसतं तर? कुनाच्या तरी लेकराला म्या भलतंच पाजलं आसतं गं. ह्याच हातानं.

कोकिळा: त्या भ्यानं तर मला झोप लागत न्हाई.

(आश्रुबा मुलीला कडेवर घेऊन दारात येतो.)

आश्रुबा: मावशी, जरा लवकर बघा. काल निरोप धाडला तवा उपाशीपोटी आना म्हनलाव, लेक मलूल पडायलीय. सेलूला न्हेलं व्हतं, तर डाक्टर जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबाच्या दौऱ्यासंगं गेलेले. परत येताना देवगावात ज्यानं त्यानं तुमचंच नाव घेतलं.

धुरपदाबाई: आश्रुबा, ऐक. मला दिसत न्हाई. तुझ्या आवाजावरून तुझ्याकडं तोंड केलंय. आजचा पाला माझ्या सुनंनं आनलाय.

कोकिळा: आत्याबाई, कशाला सांगताव?

धुरपदाबाई: बोलू दे मला. म्या आनलेला पाला चुकीचा निघाला, हिनं आनलेला बरोबर हाय. पाजायचं का न्हाई, तू ठरव.

आश्रुबा: म्या तुमचं नाव ऐकून इतकं चालत आलो, मावशी. तुमच्या घरच्या लेकराला हिच्या हातचं पाजलं आसतं का?

धुरपदाबाई: पाजलं आसतं. डोळे मिटून.

आश्रुबा: मंग आना.

धुरपदाबाई: कोकिळा, पाला वाट, ताकात कालव. वाटी तूच धर तिच्या व्हटाला.

कोकिळा: वाटी तर आजवर तुमीच धरलीय, आत्याबाई.

धुरपदाबाई: पयल्या डावाला माझ्या हातनं निम्मं ताक सांडलं व्हतं. धर.

आश्रुबा: घे बाई माझी, घे. कडू हाय, पर घे. पेली, मावशी. समदं पेली. आता पथ्य काय पाळायचं?

धुरपदाबाई: मला नगं इचारू, बाबा. तिला इचार. मी ऐकत बसते.