रोमन आकड्यांवरची रेघ

कॅम्पातल्या शाळेची कोनशिला बघितलीसा का कधी? तिच्यावरचं साल आमच्या बाळाप्पा पाथरवटानं कोरलंय. शाळा बांधून घेणाऱ्या आमच्या गोऱ्या साहेबानं रोमन आकडे लिहून दिलते, MCMXII, म्हणजे एकोणीसशे बारा. बाळाप्पाचा जन्म गेला देवळांच्या पायऱ्यांवर नावं कोरण्यात. ती अक्षरं त्याला बोडकी दिसली, म्हणून त्यानं वर झोकात शिरोरेघ मारली.

उद्घाटनाला मोठा साहेब फाटकापाशी बग्गीतनं उतरत होता, तेवढ्यात आमच्या साहेबानं कोनशिलेवरच्या पडद्याआड डोकावलं आणि पांढराफटक पडला.

"रेघ कोणी मारली?"

"मी, साहेब."

"रोमन आकड्यावर रेघ म्हणजे हजारपट. हे साल एकोणीस लाख बारा हजार झालं."

आम्ही सगळे गार. दगडावरची रेघ पुसायची कशी? तिकडं बँड सुरू झाला, मोठा साहेब चालत यायला लागला.

बाळाप्पानं दगडावर एकदा तळवा फिरवला.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," म्हणाला, "दगड गोकाकचा हाय. तवर टिकंल."