फणसाची झोळी आणि व्हय म्हाराजा

(सुमतीकाकींनी आपल्या पडवीत बसून सांगितलं, तसं उतरवून घेतलं आहे.)

माझा जन्म आचऱ्याजवळच्या वाडीतला, बाबा समुद्रकाठी रापणीचं जाळं ओढायला जायचे, आणि देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे देवासमोर उभं राहून अख्ख्या गावाचं मागणं मोठ्याने मागायचं आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेल्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. बाबांचा आवाज असा की समुद्रातल्या होडीला ऐकू जाईल. मी लहानपणी गोठ्यात गाईसमोर उभी राहून तसंच गाऱ्हाणं घालायची, आणि आई म्हणायची, गो, बाईमाणसाचा काम न्हय ता. तू लिहिणार म्हणून मी शुद्ध बोलते हां, मधेच मालवणी येईल, ती तशीच ठेव.

लग्न होऊन इकडे आले आणि काजूच्या कारखान्यात लागले. काय सांगू तुला, भाजलेली बी फोडताना तिचं तेल हातावर येतं, राख लावली तरी कातडी जळते आणि काळी पडते ती पडतेच. लग्नाकार्यात आम्ही हात पदराखाली घेऊन बसायचो. तरी बाया ओळखायच्या, काजूवाली इली गो, म्हणायच्या. पण शेडमध्ये मजा होती, खरंच मजा होती. माझ्या शेजारी फिलू, फिलोमिना, क्रिस्तांव वाड्यातली, माहेर गोव्याचं. ती नाताळात नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, आणायची, मी चवथीला मोदक. तिच्या नेवऱ्या माझ्या मोदकांपेक्षा बऱ्या असायच्या, पण तेव्हा मी तसं म्हणते काय!

फिलूला मुलगा झाला, आग्नेल. नवरा बोटीवर गेलेला, त्याची खबर नाही, घरात दुसरं माणूस नाही, म्हणून ती पोराला घेऊन यायची आणि शेडमागच्या फणसाला झोळी बांधायची. पोर रडलं की उठायची. एकदा शेट स्वतः शेडमध्ये आला होता, त्याने ते बघितलं आणि म्हणाला, हो कारखानो आसा की पाळणाघर, उद्यापासून येव नको. फिलूने झोळी सोडली, पोराला खांद्यावर घेतलं आणि गेली. तिची चूल त्याच कामावर पेटायची गो. दुसऱ्या दिवशी तिचा पाट रिकामा, आणि आमचा एकीचाही हात चालेना.

तेव्हा कणकवलीहून लाल बावट्याचा एक माणूस यायचा, त्याला सगळे कॉम्रेड म्हणायचे. आम्हाला कितीतरी दिवस ते त्याचं आडनावच वाटायचं. तरुण, खांद्याला पिशवी. तो म्हणाला, आत जाऊ नका, फाटकाबाहेर बसा. आम्ही बसलो, फिलूही पोराला घेऊन आली. बसायचं काय, बसायची आम्हाला सवयच. पण तो म्हणाला, घोषणा द्या. त्याने ओरडायचं कामगार एकजुटीचा, आम्ही ओरडायचं विजय असो. कुठलं ओरडतो! रस्त्याने कुणाचा सासरा जातोय, कुणाचा दीर जातोय, सगळ्या माना खाली घालून बसलेल्या. तो बिचारा घसा बसेपर्यंत ओरडला. शेवटी हात वर करून म्हणाला, फिलोमिनाबाईंना कामावर घ्या! आणि आमच्यातली म्हातारी गोमती, तिला कानाने कमी, तिने वर गेलेला हात तेवढा बघितला, तिला वाटलं देवळातल्यासारखं मागणंच चाललंय, आणि सवयीने बोलली, व्हय म्हाराजा.

असं हसलो, असं हसलो. फिलूसुद्धा हसली.

कॉम्रेड मात्र रागावला. म्हणाला, अहो, मालकाला महाराज म्हणून कधी लढा होतो का? आणि मी उठले. कशी उठले ते देवाला ठाऊक. म्हटलं, शेटाक कोण म्हणता? आमी एकमेकीक म्हणतंव. मग बाबांसारखे हात जोडले, आणि गाईपुढे घालायची ते गाऱ्हाणं फाटकापुढे घातलं. बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांचे हात थांबले आसत रे म्हाराजा. व्हय म्हाराजा, सगळ्या बाया एका आवाजात, तोंडावरचा पदर काढून. सासरे-दीर रस्त्यातच उभे राहिले.

आवाज ऐकून शेट ताडताड बाहेर आला, आम्हाला हाकलायलाच आला होता. पण तोही ह्याच गावचा, जत्रेला पहिल्या रांगेत उभा राहणारा. गाऱ्हाणं चालू आहे म्हटल्यावर त्याचे पाय थांबले, चपला निघाल्या, हात जोडले गेले. मी ते बघितलं आणि थांबले नाही. फणसाची झोळी फणसाकच ऱ्हांव दी रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. फिलूक परत कामार घेवची बुद्धी शेटाक दी रे म्हाराजा. व्हय म्हाराजा, आणि त्या आवाजात एक जाड पुरुषी आवाज. शेटाचा.

त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. गाऱ्हाण्यात व्हय म्हटलेलं मागे घेता येत नाही, ते सगळ्या गावासमोर झालेलं असतं. तो चपला घालायला गेला तर एक पायात जाईना. फिलूकडे न बघता म्हणाला, उद्या वेळेर ये, आणि आत गेला.

त्यानंतर कॉम्रेड कितीतरी वर्षं येत राहिला. बावटा उभा करायचा, भाषण करायचा, आणि मग म्हणायचा, काकी, आता गाऱ्हाणं घाला. जेवायला माझ्याकडेच. सोलकढी मागून मागून प्यायचा. आता तो नाही. कारखानाही नाही, तिथे पर्यटकांसाठी खोल्या झाल्या, त्या फणसाला त्यांच्या पोरांचा झोपाळा आहे. मी तिथून जाते तेव्हा जरा उभी राहते. फिलू गोव्याला आग्नेलकडे असते. फोन करते तेव्हा हॅलो म्हणत नाही, काय म्हणते ते तुला कळलंच असेल.

तुझी आजी त्याच रांगेत होती, गोमतीच्या बाजूला. शाळेची पायरी तिने बघितली नाही, आणि तू पदवी घेतलीस. बरा केलंस. थांब, हात जोड. बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचो हात कधी काळो होव नको रे म्हाराजा, आणि झालोच तर तो पदराखाली लपवची पाळी तेच्यार येव नको रे म्हाराजा.

गप्प काय बसलंस गो? म्हण.