खड्ड्याचं माप

नळ घ्यायला आलेला प्लंबर दुकानात रांगेत थांबला होता. त्याच्यापुढे एक म्हातारं जोडपं बागेतल्या तळ्यासाठी अस्तर घेत होतं.

"मापं सांगा, काका," दुकानदार म्हणाला.

"लांबी दहा फूट, रुंदी सहा, खोली दोन."

"लांबीत नि रुंदीत खोलीची दुप्पट मिळवायची, वर काठावर दाबायला दोन फूट. म्हणजे सोळा बाय बारा. रबराचं न्या, वर्षानुवर्षं बघायला नको. फक्त आधी खड्डा तासून घ्या."

"तासायचा नाही."

"मावशी, खडबडीत राहिला तर अस्तर फाटेल."

"माझ्या लेकाने खणलाय तो. त्याच्या कुदळीचे घाव आहेत त्यात."

"मग त्यालाच सांगा की. तासाभराचं काम."

"अहो, तुम्ही सांगा यांना."

"तो गेला हो. खणून झालं आणि आठवड्यात गेला."

"माफ करा, काका. पण मावशी, पाणी भरलं की घाव तसेही दिसणार नाहीत."

"पाणी कोण भरतंय? पावसाने कडा ढासळतायत. मला वरून झाकायचाय."

"अगं, झाकून किती दिवस राहील?"

"तुम्ही कापायला सांगा."

"झाकायचं तर खोली धरायला नको, मावशी. बारा बाय आठ पुरे."

दुकानदाराने कात्री उचलली. प्लंबरने पुढे होऊन गुंडाळीचं दुसरं टोक धरलं.